घरच्या वायफायवरून बँकेचे व्यवहार करताना आधी राउटर तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात एकच वायफाय. त्यावर चौघांचे फोन, मुलाचा लॅपटॉप, टीव्ही आणि दारावरचा कॅमेरा. पासवर्ड वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनाही दिलेला. सासरे याच वायफायवर टॅब घेऊन बँकेचे व्यवहार करतात. मधल्यामध्ये कोणी त्यांचा पासवर्ड वाचू शकेल का? त्यापेक्षा मोबाइल डेटावरून व्यवहार करावेत का? आणि व्हीपीएन, म्हणजे आपली सगळी वाहतूक कुलूपबंद करून एका मधल्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा, घ्यावा का?

भाडेकरू किंवा बाहेर गाडीत बसलेला कोणी तुमच्या वायफायच्या लहरी पकडून बँकेचा पासवर्ड वाचेल, ही शक्यता आज फारच कमी आहे. पण राउटरच्या सेटिंगमध्ये कोणी शिरलं, टॅबवर नको ते अ‍ॅप बसलं किंवा सासऱ्यांनी फोनवरच्या गोड बोलणाऱ्या माणसाला ओटीपी सांगितला, तर पैसे जाऊ शकतात, आणि तेव्हा वायफायचा पासवर्ड कितीही अवघड असला तरी उपयोग होत नाही. मी बरीच वर्षं घरांची आणि छोट्या कार्यालयांची नेटवर्क बसवतो, बिघडली की दुरुस्त करतो. फसवणूक झालेल्या घरांतही बोलावणं आलेलं आहे. लोक काळजी करतात हवेतल्या चोरीची, आणि राउटर मात्र बसवल्या दिवसापासून कुणी उघडून बघितलेला नसतो. म्हणून या उत्तराचा मोठा भाग राउटरवर आहे.

आधी रचना समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. सासरे बँकेचं पान उघडतात तेव्हा त्यांच्या मजकुराला दोन वेगवेगळी कुलपं लागतात. पहिलं कुलूप टॅब ते राउटर एवढ्याच अंतराचं. ते वायफायचं कूटबद्धीकरण, म्हणजे डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३. राउटरपाशी हे कुलूप उघडतं. दुसरं कुलूप टॅबपासून थेट बँकेच्या सर्व्हरपर्यंतचं, म्हणजे टीएलएस. पत्त्याच्या सुरुवातीला जे एचटीटीपीएस दिसतं ते हेच. हे राउटरपाशी उघडत नाही, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडेही उघडत नाही, बँकेच्या दारातच उघडतं.

त्यामुळे पहिलं कुलूप कोणी फोडलं तरी हातात दुसरं बंद कुलूपच येतं. डब्ल्यूपीए२ मध्ये वायफायचा पासवर्ड माहीत असलेला माणूस, तुमचं उपकरण नेटवर्कला जोडलं जातानाची देवाणघेवाण पकडू शकला, तर पहिलं कुलूप उघडू शकतो. म्हणजे भाडेकरूंपैकी कुणाला हे तंत्र येत असेल तर ‘या टॅबवरून अमुक बँकेची साइट उघडली’ एवढं त्याला कळू शकतं. खात्यातली शिल्लक, पासवर्ड, ओटीपी यातलं काही दिसत नाही.

पूर्वी या दुसऱ्या कुलपाला एक पळवाट होती. आपण नुसतं बँकेचं नाव टाइप केलं की ब्राउझर आधी कुलूप नसलेल्या, साध्या एचटीटीपी पत्त्यावर जायचा आणि बँक त्याला एचटीटीपीएसकडे वळवायची. त्या वळणावर मध्ये बसून कुलूप लागूच न देण्याची युक्ती २००९ मध्ये सुरक्षातज्ज्ञ मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी जाहीरपणे दाखवली. त्यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये एचएसटीएस नावाचं मानक आलं. त्यात साइट ब्राउझरला बजावून ठेवते, की माझ्याकडे येताना कुलपाशिवाय येऊच नकोस. अ‍ॅप वापरत असाल तर अ‍ॅपही स्वतःच हे कुलूप लावतं, आणि ते नीट लागलं नाही तर बहुतेक बँकांची अ‍ॅप सरळ बंद पडतात. म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांना मी ब्राउझरपेक्षा बँकेचं अधिकृत अ‍ॅप वापरायला सांगतो. चुकीच्या पत्त्यावर जाण्याची शक्यताच त्यात खूप कमी होते.

ब्राउझरच वापरायचा असेल तर एक गोष्ट मनात पक्की हवी. कुलूप लागलेलं आहे याचा अर्थ वाट बंदिस्त आहे, एवढाच. वाटेच्या टोकाला कोण बसलंय हे नुसत्या कुलपाच्या चित्रावरून कळत नाही. हे कुलूप लावायला साइटकडे तिच्या नावाचं डिजिटल प्रमाणपत्र लागतं, आणि २०१५ पासून कुणालाही आपल्या साइटसाठी ते फुकट मिळतं. ते चांगलंच झालं, पण ठगाच्या साइटलाही ते मिळतं. लोक कुलूप बघून निर्धास्त होतात हे लक्षात आल्यावर २०२३ मध्ये क्रोमने ते चित्रच काढून टाकलं. तेव्हा बघायचं ते नाव. समजा बँकेचा पत्ता ‘माझीबँक.कॉम’ आहे. मग ‘माझीबँक.कॉम.खातेतपासणी.नेट’ ही बँकेची साइट नाही, ती ‘खातेतपासणी.नेट’ची आहे. सुरुवातीच्या एचटीटीपीएसनंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून, पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच अलीकडे जे असतं तो खरा मालक, त्याच्या डावीकडे काहीही लिहिता येतं. फोनच्या छोट्या पडद्यावर लांब पत्ता पूर्ण दिसत नाही आणि नेमकं तिथेच फसायला होतं.

आता मुद्द्याचं सांगतो. एका निवृत्त शिक्षकांनी मला बोलावलं होतं. तक्रार अशी, की बँकेची साइट उघडली की ब्राउझर ‘हे कनेक्शन खासगी नाही’ असा इशारा देतो. बाकी सगळ्या साइट व्यवस्थित चालत होत्या. अँटीव्हायरसने लॅपटॉप दोनदा तपासून झाला होता, काही सापडलं नव्हतं. त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती: त्याच लॅपटॉपला फोनचा हॉटस्पॉट जोडून बँकेची साइट उघडून बघितली. इशारा आला नाही. लॅपटॉप तोच, ब्राउझर तोच, बँक तीच, बदललं ते फक्त घरचं नेटवर्क. हे ऐकल्यावर मी लॅपटॉपला हातही लावला नाही, थेट राउटर उघडला.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं. लॉगिनचं पान आलं. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे कारखान्यातून येतो तो ‘अ‍ॅडमिन’ हाच शब्द. पहिल्याच फटक्यात आत गेलो. डीएनएसच्या रकान्यात दोन पत्ते हाताने भरलेले होते आणि ते इंटरनेट कंपनीचे नव्हते. दूरून व्यवस्थापन करण्याची सोय चालू होती. घरातल्या कुणीही राउटरला कधीच हात लावलेला नव्हता.

डीएनएस म्हणजे इंटरनेटची पत्त्यांची वही. आपण बँकेचं नाव टाकतो, उपकरण या वहीला विचारतं की या नावाचा सर्व्हर कुठल्या आकड्यावर आहे, आणि वही सांगेल तिकडे जातं. घरातली बहुतेक उपकरणं कुठली वही वापरायची हे राउटरकडून घेतात. वहीच बदलली की बँकेचं नाव अचूक टाइप करूनही माणूस ठगाच्या सर्व्हरवर पोहोचतो. पत्त्याच्या पट्टीत नाव मात्र बरोबर दिसतं. म्हणून लॅपटॉपमध्ये काही सापडत नव्हतं, तिथे काही नव्हतंच. त्यांना वाचवलं ते ब्राउझरच्या इशाऱ्याने. ठगाकडे बँकेच्या नावाचं खरं प्रमाणपत्र नव्हतं, त्यामुळे दुसरं कुलूप लागलं नाही आणि ब्राउझरने ते स्पष्ट सांगितलं. ‘तरीही पुढे जा’ दाबलं असतं तर ते हुबेहूब बँकेसारख्या पानावर पोहोचले असते.

हा प्रकार जुना आहे आणि जगभर मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास सुमारे ४५ लाख मोडेमचे डीएनएस बदलले गेले, लक्ष्य होतं बँकांचे ग्राहक. डीएनएसचेंजर नावाच्या प्रकरणात १०० हून जास्त देशांतले ४० लाखांवर संगणक चुकीच्या डीएनएसकडे वळवले होते. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये एस्टोनियात अटका झाल्या. पण ते डीएनएस सर्व्हर एकदम बंद केले असते तर लाखो लोकांचं इंटरनेटच बंद पडलं असतं, म्हणून त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. २०१८ मध्ये पुन्हा ब्राझीलमध्येच, एक लाखाहून जास्त राउटर याच पद्धतीने वळवलेले सापडले.

इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं की काय होतं याचंही उदाहरण आहे. २४ एप्रिल २०१८ रोजी मायइथरवॉलेट या क्रिप्टो पाकिटाच्या साइटचं डीएनएस काही काळ वळवलं गेलं. खोट्या साइटवर ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देत होता. जे थांबले ते वाचले. जे इशारा ओलांडून पुढे गेले त्यांचं मिळून सुमारे दीड लाख डॉलरचं चलन गेलं. बँकेच्या साइटवर प्रमाणपत्राचा इशारा आला तर थांबायचं. ‘साइटमध्येच काहीतरी गडबड असेल’ असा समज करून पुढे जायचं नाही. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडा. तिथे इशारा आला नाही तर घरच्या राउटरवर संशय घ्या.

बाहेरून राउटरमध्ये शिरायला आपण काही मुद्दाम उघडं ठेवलेलं असावं लागतं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. घरातल्याच कुणीतरी एखादं भलतं पान उघडलं, तर त्या पानातला दडलेला कोड त्याच्याच ब्राउझरकरवी १९२.१६८.१.१ ला विनंती पाठवू शकतो आणि कारखान्यातले नेहमीचे पासवर्ड चालतात का ते बघू शकतो. राउटरच्या दृष्टीने ही विनंती घरातूनच आलेली असते. म्हणून राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदलणं हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, वायफायच्या पासवर्डपेक्षाही.

इथे घोटाळा होतो, म्हणून स्पष्ट करतो. पासवर्ड दोन आहेत. एक वायफायला जोडण्याचा, जो पाहुण्यांना देतो. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. पहिला बदलला की दुसरा आपोआप बदलत नाही. दुसरा बहुतेक घरांत कधीच बदललेला नसतो.

तुमच्याकडे बसून मी काय केलं असतं ते सांगतो. राउटरच्या मागच्या चिकटपट्टीवर त्याचा पत्ता लिहिलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. वायफायला जोडलेल्या लॅपटॉपवरून तो उघडा. सगळ्यात आधी अ‍ॅडमिन पासवर्ड बदला आणि कागदावर लिहून घरात ठेवा. हा पासवर्ड कागदावर लिहिण्यात काही चूक नाही; चोर इंटरनेटवरून येतो, तुमच्या कपाटातून नाही. मग डीएनएस बघा, आणि दोन ठिकाणी बघा: एकदा इंटरनेट किंवा वॅन या भागात, एकदा लॅन किंवा डीएचसीपी या भागात. दुसरं ठिकाण हटकून विसरलं जातं. ‘आपोआप घ्या’ असं असेल तर उत्तम. हाताने भरलेले आकडे असतील आणि ते कुणी, का भरले हे घरात कुणालाच माहीत नसेल, तर त्या पानाचा फोटो काढा आणि राउटर मूळ स्थितीत आणा. मूळ स्थितीत आणण्याआधी इंटरनेट जोडणीचं वापरकर्तानाव आणि पासवर्ड कंपनीकडून घेऊन ठेवा, नाहीतर घरचं इंटरनेटच बंद पडेल. आणि मूळ स्थितीत आणलं की अ‍ॅडमिन पासवर्डही पुन्हा कारखान्यातला होतो, तो तिथल्या तिथे परत बदला. दूरून व्यवस्थापन बंद करा. यूपीएनपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना राउटरमधून आपोआप बाहेरची वाट उघडू देणारी सोय, तीही बंद करा. मुलाच्या एखाद्या खेळाला अडचण आली तर त्याच्यापुरता मार्ग वेगळा काढता येतो.

फर्मवेअर अद्ययावत करा. हे राउटरचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे आणि त्यातही भोकं सापडत असतात. २०१८ च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातक सॉफ्टवेअरने ५४ देशांतली निदान पाच लाख उपकरणं, मुख्यतः घरची आणि छोट्या कार्यालयांची राउटर, ताब्यात घेतल्याचं उघड झालं. आपोआप अद्ययावत होण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा. कंपनीने त्या मॉडेलचे अपडेट थांबवले असतील तर राउटर बदला. चालतोय तोवर चालू द्यावा असं वाटणं साहजिक आहे, पण सगळ्या घराचं इंटरनेट ज्या एका डब्यातून जातं त्याच्या बाबतीत हा हिशोब चुकतो.

डब्ल्यूपीएस ही बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडण्याची सोय बंद करा. आठ आकडी पिन म्हटल्यावर दहा कोटी शक्यता वाटतात. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून काढलेला असतो आणि राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो. पहिला भाग चुकला की तसं सांगतो. त्यामुळे पहिल्या भागाच्या १०,००० आणि दुसऱ्याच्या १,०००, अशा जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडते. हे २०११ च्या डिसेंबरमध्ये श्टेफान फीबॉक यांनी दाखवून दिलं. पिन सापडली की तुमचा वायफायचा पासवर्ड कितीही लांब असो, राउटर तो स्वतःच देऊन टाकतो.

आता पहिलं कुलूप. वायफाय सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए३ असेल तर ते निवडा, जुनी उपकरणं जोडत नसतील तर डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र, तेही नसेल तर एईएससह डब्ल्यूपीए२. डब्ल्यूईपी दिसलं तर ते कुलूपच समजू नका. त्यातला दोष २००१ मध्ये सापडला आणि २००७ पर्यंत ते एका मिनिटाच्या आत उघडण्याची पद्धत प्रसिद्ध झाली होती. डब्ल्यूपीए२ हे २००४ चं. २०१७ मध्ये मॅथी व्हॅनहूफ यांनी त्यातला क्रॅक नावाचा दोष दाखवला, पण तो सॉफ्टवेअर अपडेटने बुजवता येणारा होता. तेव्हा डब्ल्यूपीए२ अजून वापरण्याजोगं आहे, अट एवढीच की फोन, टॅब, लॅपटॉप आणि राउटर हे सगळे अद्ययावत हवेत आणि पासवर्ड लांब हवा.

लांबच का, तेही सांगतो. डब्ल्यूपीए२ मध्ये हल्लेखोराला तुमच्या दारात बसून एकेक पासवर्ड टाकून बघावा लागत नाही. एखादं उपकरण जोडलं जातानाचा संवाद एकदा पकडला, की तो घरी जाऊन, ताकदवान संगणकावर, तुमच्या राउटरला कळूही न देता लक्षावधी शब्द ताडून बघू शकतो. मुलाचं नाव आणि जन्मसाल, मोबाइल नंबर, ‘१२३४५६७८’ हे सगळं त्याच्या यादीत पहिल्या पानावर असतं. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडून वीसेक अक्षरं करा, मध्ये एखादा आकडा टाका. म्हणी किंवा गाण्याच्या ओळी नकोत, त्या शोधता येतात. नेटवर्कचं नावही कारखान्यातलं ठेवू नका. त्यावरून राउटरचं मॉडेल कळतं, शिवाय पासवर्डपासून किल्ली तयार करताना हे नावही मिसळलं जात असल्याने, नेहमीच्या नावांसाठी आधीच हिशोब करून ठेवलेल्या याद्या मिळतात. नावात आडनाव किंवा घर क्रमांकही नको. डब्ल्यूपीए३ मध्ये हे घरी बसून ताडून बघणं जमत नाही, आणि पासवर्ड माहीत असलेल्या दुसऱ्या माणसाला तुमचा संवादही त्यावरून उलगडता येत नाही. तुमच्या घरी भाडेकरू आहेत म्हणून हा फरक कामाचा आहे.

नेटवर्कचं नाव लपवणं आणि ठरावीक उपकरणांनाच मॅक पत्त्यावरून, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या ओळख क्रमांकावरून, परवानगी देणं, या दोन गोष्टींवर वेळ घालवू नका. लपवलेलं नाव आपलीच उपकरणं जोडताना उच्चारतात, आणि मॅक पत्ता हवेत उघडाच जातो, त्याची नक्कल करता येते.

पाहुण्यांचं नेटवर्क मात्र जरूर वापरा. बहुतेक नव्या राउटरमध्ये ही सोय असते. भाडेकरू, टीव्ही आणि कॅमेरा यांना तिकडे हलवा. मुख्य नेटवर्कवर घरच्यांचे फोन, टॅब आणि लॅपटॉप एवढेच राहू द्या. कॅमेऱ्याबद्दल मी मुद्दाम सांगतोय. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातल्या साठेक नावा-पासवर्डांच्या जोड्या टाकून बघत. कॅमेऱ्याचा पासवर्डही आजच बदला.

राउटर झाला. आता टॅब. दोन्ही कुलपं टॅबच्या बाहेरची आहेत. टॅबच्या आतच कोणी बसलं असेल तर त्याला कुलूप फोडायची गरज नाही, तो मजकूर कुलपात जाण्याआधीच वाचतो. २००७ पासून ओळखल्या जाणाऱ्या झ्यूस या ट्रोजनने, म्हणजे नकळत आत शिरणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने, संगणकांवर हेच केलं: ब्राउझरच्या आत बसून, बँकेच्या खऱ्या साइटवर टाकलेली माहिती उचलली. अँड्रॉइडवर हे काम आज बहुतेक वेळा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागणारी खोटी अ‍ॅप करतात. ही परवानगी दृष्टिहीन आणि इतर गरजू लोकांसाठी आहे. ती मिळाली की अ‍ॅप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. सासऱ्यांच्या टॅबच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडून बघा, कुठल्या अ‍ॅपला ती दिलेली आहे. ओळखीचं नसेल ते काढा. मेसेजमधल्या दुव्यावरून अ‍ॅप बसवण्याची परवानगी बंद ठेवा. पडदा दुसऱ्याला दाखवणारी अ‍ॅप त्यांच्या टॅबवर असूच नयेत. टॅबला सुरक्षा अपडेट मिळणं थांबलं असेल तर त्यावर पुस्तकं वाचा, बातम्या बघा, बँक नको.

मुलाच्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार करू नका. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. खेळांच्या फुकट आवृत्त्या आणि नाना एक्स्टेंशन्स जिथे बसवली जातात, तिथे माहिती चोरणारं काहीतरी असण्याची शक्यता खरोखर जास्त असते. ब्राउझरच्या एखाद्या एक्स्टेंशनला ‘सर्व साइटवरील माहिती वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी असेल, तर बँकेची साइटही त्या ‘सर्व’मध्ये आली.

ओटीपी हवा, पण त्यावर सगळा भार टाकू नका. दुसऱ्याच्या नावाचं सिम काढून घेऊन ओटीपी पळवले जातात. जर्मनीत २०१७ मध्ये टेलिफोन कंपन्यांमधल्या जुन्या यंत्रणेतल्या दोषाचा वापर करून ग्राहकांचे ओटीपी वळवले आणि खाती रिकामी केली गेली. बँक अ‍ॅपमधून मंजुरी किंवा पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी उपकरणात साठवलेली डिजिटल किल्ली, देत असेल तर ते घ्या. पासकी मला विशेष आवडते, कारण ती साइटच्या खऱ्या नावाला बांधलेली असते. माणूस खोट्या साइटवर फसला तरी पासकी तिथे चालतच नाही. फोनचं सिग्नल अचानक बराच वेळ गेलं, सिम चालेनासं झालं, तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला विचारा.

सासऱ्यांशी एकदा शांतपणे बसून बोला. मी ज्या घरांत गेलो तिथे पैसे बहुतेक वेळा फोनवरच्या बोलण्यातून गेले होते, नेटवर्कमधून नाही. फोनवरचा माणूस घाई करतो, भीती घालतो, आणि ‘कुणाला सांगू नका’ म्हणतो. त्यांना एवढंच सांगा: असा फोन आला तर ठेवून द्या आणि आम्हाला हाक मारा, आम्ही कधीही रागावणार नाही. फसवणूक झाल्यावर वडीलधारी माणसं लाजेने दोन-दोन दिवस सांगत नाहीत, आणि पैसे थांबवता येण्याची वेळ त्यातच निघून जाते. एका दिवसात किती पैसे पाठवता येतील याची मर्यादा त्यांच्या गरजेपुरती कमी करून ठेवा. प्रत्येक व्यवहाराचा मेसेज त्यांच्या फोनवर येतो ना, ते तपासा.

मोबाइल डेटा वापरावा का? राउटर वर सांगितल्याप्रमाणे नीट केला असेल तर घरच्या वायफायवरून व्यवहार करायला हरकत नाही. तो नीट करेपर्यंत, म्हणजे आज-उद्या, मोबाइल डेटावरून करा. बाहेरच्या अनोळखी वायफायपेक्षाही मोबाइल डेटा बरा.

व्हीपीएनची घरच्या बँकिंगसाठी गरज नाही. तो टॅबपासून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत आणखी एक कुलूप लावतो, पण बँकेपर्यंतचं कुलूप आधीच लागलेलं असतं. उलट तुम्ही दुसऱ्याच देशातून आल्यासारखे दिसलात तर बँक व्यवहार अडवू शकते. फुकट व्हीपीएन तर घेऊच नका, सगळी वाहतूक एका अनोळखी कंपनीच्या हातात जाते. त्याऐवजी टॅबवर खासगी डीएनएसची सोय चालू करा. अँड्रॉइडच्या ९ व्या आवृत्तीपासून ती आहे. त्यात एखाद्या भरवशाच्या सेवेचं नाव भरून ठेवलं की टॅब राउटरच्या वहीवर अवलंबून राहत नाही, आणि वहीशी होणारा संवादही कुलूपबंद होतो. शिक्षकांच्या घरी मी शेवटी हे करून दिलं.

पैसे गेलेच तर क्रम चुकवू नका. आधी बँकेला फोन, कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर, इंटरनेटवर शोधलेल्या नव्हे. खातं आणि कार्ड गोठवायला सांगा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. मग वेगळ्या उपकरणावरून, मोबाइल डेटावर, बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदला. ईमेल विसरू नका, बाकीचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. पोलिसांकडे तक्रार द्या. संशयित टॅब पुसून टाकण्याची घाई नको, मेसेज आणि पडद्याचे फोटो आधी काढून ठेवा, राउटरच्या डीएनएसच्या पानाचाही.

भाडेकरूंना एवढंच सांगा की वायफायचं नाव आणि पासवर्ड बदललाय, हा घ्या पाहुण्यांच्या नेटवर्कचा. राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड त्यांना माहीत असेल तर तो बदलल्याचं सांगण्याची गरज नाही. नंतर घरातल्या प्रत्येक फोनवर आणि टॅबवर जुनं नेटवर्क ‘विसरा’ करून नव्याला जोडा. जुन्या नावाने कोणी खोटं नेटवर्क उभं केलं, तर ती उपकरणं आपणहून त्याला जाऊन चिकटणार नाहीत. आणि डीएनएसचे जे आकडे आज बरोबर आहेत ते एका कागदावर तारखेसह लिहून राउटरच्या बाजूला चिकटवा. ते गुपित नाहीत. दोन-तीन महिन्यांनी कधी सेटिंगचं पान उघडाल तेव्हा कागदाशी ताडून बघा. इंटरनेट कंपनीनेही अधूनमधून आकडे बदललेले असू शकतात, म्हणून फरक दिसला तर आधी कंपनीला फोन करून विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत सासऱ्यांना मोबाइल डेटावर ठेवा.